तेजोमेघाचा सातबारा

त्या छायाचित्राला उजवीकडचा वरचा कोपराच नाही. धुळीचे तीन अजस्र खांब, त्यांच्या कडांना पिवळट-सोनेरी झाक, मागे निळा-हिरवा उजेड, आणि कोपऱ्यात मात्र पायऱ्यापायऱ्यांचा काळाकुट्ट जिना. हबल दुर्बिणीने १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेलं हे चित्र 'पिलर्स ऑफ क्रिएशन', म्हणजे सृजनाचे स्तंभ, या नावाने जगभर गेलं. टी-शर्टवर गेलं, अमेरिकेच्या टपाल तिकिटावर गेलं, होस्टेलच्या भिंतींवर चिकटलं, आणि हल्ली सकाळच्या सुविचारामागे झळकतं. छापणाऱ्यांना तो काळा जिना नडतो. मग कुणी चित्र कडेने कापून चौकोनी करून घेतं, कुणी काळ्या पार्श्वभूमीत तो बेमालूम मिसळून टाकतं.

मला त्या चित्रातला जिनाच सगळ्यात आवडतो. हबलच्या त्या कॅमेऱ्यात चार संवेदक होते. तीन सारखे, आणि चौथा आकाशाचा लहान तुकडा अधिक बारकाईने बघणारा. चारही चित्रं एकाच मापात जोडायची तर चौथं लहान करून बसवावं लागतं, आणि त्याच्याभोवती जागा रिकामी पडते. तिथे कॅमेऱ्याने काही पाहिलंच नव्हतं. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी ती जागा काळीच राहू दिली. जे पाहिलं नाही ते दाखवायचं नाही, एवढा साधा हिशेब. तरीही हेच चित्र दाखवून 'हे सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं असतं हो' असं सांगणारा माणूस प्रत्येक कुटुंबात एक तरी असतोच.

त्या माणसाचं अगदीच चुकतं असंही नाही. दुर्बिणीतून चित्र जसं येतं तसं ते कुणालाच दाखवता येणार नाही. हबलचे काय किंवा जेम्स वेब या दुर्बिणीचे काय, कॅमेरे रंग टिपतच नाहीत. ते फक्त प्रकाश मोजतात. येणारं प्रत्येक चित्र कृष्णधवल. तेही उघडलं की बहुधा काळंच दिसतं, मध्ये दहा-वीस पांढरे ठिपके. तेजोमेघाचा तेजस्वी भाग आणि त्याची फिकट किनार यांच्या उजेडात इतका फरक असतो की तो जसाच्या तसा पडद्यावर मावत नाही. मग अंधारातला भाग गणिताने वर उचलायचा आणि झगझगीत भाग दाबायचा. त्यात वैश्विक किरणांनी संवेदकावर मारलेले ओरखडे असतात. एकाच जागेची दोन-चार चित्रं घेऊन, जे एकात आहे आणि बाकीच्यांत नाही ते काढून टाकायचं. सृजनाच्या स्तंभांचं चित्र अशा ३२ चित्रांमधून जुळवलेलं आहे.

आणि मग रंग. कॅमेऱ्यापुढे एकेक गाळणी धरून चित्रं घेतलेली असतात. या चित्रासाठी तीन गाळण्या होत्या. एकीतून फक्त आयनीभूत गंधकाचा प्रकाश येतो, दुसरीतून हायड्रोजनचा, तिसरीतून दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा. गंधकाला लाल रंग दिला, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. आता गंमत बघा. हायड्रोजनचा हा प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा, गंधकाचा ६७२च्या आसपासचा. डोळ्यांच्या हिशेबाने दोन्ही लालच. 'खरे' रंग द्यायचे म्हटले असते तर दोन्ही एकाच लालीत बुडाले असते आणि कुठे गंधक, कुठे हायड्रोजन हे कुणालाच कळलं नसतं. इथे हायड्रोजनला हिरवं केलं ते दोघं वेगळे दिसावेत म्हणून. तारे त्या चित्रात गुलाबी-जांभळे दिसतात तेही यामुळेच. हायड्रोजन सगळ्यात प्रखर, त्याला खाली दाबलं, की ताऱ्यांमधला हिरवा कमी होतो आणि उरतात लाल आणि निळा.

एवढं कळल्यावर चित्र वाचता येतं. खांबांच्या वर, चौकटीबाहेर, नुकत्याच जन्मलेल्या तापट ताऱ्यांचा पुंज आहे. त्यांच्या अतिनील प्रकाशाचा मारा खांबांवर चालू आहे. विरळ वायू केव्हाच उडून गेला. जिथे गाठी घट्ट होत्या तिथे त्यांच्या आडोशाने मागचा वायू टिकला, त्याचेच हे खांब. कडांवरची ती झाक म्हणजे पृष्ठभागावरून वायूची वाफ होताना दिसते आहे. ऑक्सिजन इतका आयनीभूत व्हायला जबरदस्त ऊर्जा लागते, म्हणून निळा रंग बाहेर, ताऱ्यांच्या बाजूला. गंधकाला कमी ऊर्जा पुरते, म्हणून लाल छटा खांबांच्या अंगाशी. रंगांवरून माऱ्याचा जोर कळतो. खांबांच्या टोकांना बोटांसारखे बारीक कोंब फुटलेले दिसतात, त्यांतलं एकेक टोक आपल्या सूर्यमालेपेक्षा मोठं आहे. डावीकडचा उंच खांब बुडापासून शेंड्यापर्यंत सुमारे चार प्रकाशवर्षं, म्हणजे सूर्यापासून सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत जवळजवळ पोचेल इतका. आणि हे सगळं सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं दूर, गरुड तेजोमेघात.

यातल्या ऑक्सिजनच्या प्रकाशाला पुण्याचा एक जुना धागा आहे. तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावरून इंग्लंडात चांगलीच जुंपली होती. नॉर्मन लॉकयर यांचं म्हणणं, ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे; विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाची ही रेषा तपासली आणि ती पट्ट्यासारखी पसरट नसून स्वच्छ, रेखीव आहे असं दाखवलं. लॉकयर यांच्या मताला तो धक्काच होता. पुढे कुणी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पून मोकळं झालं. १९२७ साली आयरा बोवेन यांनी उलगडा केला: हा साधा ऑक्सिजनच, पण इतक्या विरळ अवस्थेत की अणू एकमेकांवर क्वचितच आदळतात, आणि प्रयोगशाळेत सहसा न दिसणारा प्रकाश त्यांना फेकता येतो. नायगमवालांनी भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभारली. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. ते निवृत्त झाले आणि १९१२ साली वेधशाळा बंद पडली. उपकरणं कोडाईकनालला गेली. आपल्याकडे माणूस गेला की संस्था आवरते, ही रड तेव्हाचीही आहे.

आता 'डोळ्यांना हे खरंच असं दिसेल का?' या प्रश्नाकडे. उत्तर: नाही. आणि नुसत्या दुर्बिणीतून नव्हे, यानात बसून तिथे गेलात तरी नाही.

कर्जतच्या पुढे एका माळावर आकाशदर्शन चाललं होतं. मृगातल्या बाणाखाली जो धूसर डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो, तोच तो तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. आठ इंची दुर्बीण त्याच्यावर लावलेली, मागे रांग. टोपी-मफलरवाले एक काका पुढे आले, डोळा लावला, दोन सेकंदांत काढला आणि म्हणाले, "एवढंच?" त्यांच्या मनात मोबाईलमधली गुलाबी-जांभळी ज्वाला असणार. दुर्बिणीपाशी उभी असलेली मुलगी सवयीची होती. "काका, डोळा लगेच काढू नका. आणि सरळ त्याच्याकडे नका बघू, जरा बाजूला बघा." काकांनी पुन्हा डोळा लावला. मागची रांग चुळबुळायला लागली तरी ते हलेनात. "पंख आहेत की याला," एवढंच हळूच म्हणाले.

बाजूला बघायला सांगण्यामागे शरीरशास्त्र आहे. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी नसतात, कडेला असतात. त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून मोठ्या दुर्बिणीतही तेजोमेघ राखाडी दिसतो, फार तर किंचित हिरवट. आणि जवळ गेल्याने तो उजळ का होत नाही? जवळ जावं तसा प्रकाश वाढतो खरा, पण तेजोमेघ तितक्याच प्रमाणात मोठाही दिसायला लागतो. तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि प्रत्येक टीचभर जागेचा उजेड तेवढाच राहतो. तेजोमेघाच्या मधोमध जाऊन बसलात तर चहूकडे फिकट राखाडी धुकं दिसेल, कदाचित तेही नाही. देवयानी दीर्घिकेची अडचण हीच आहे. ती आकाशात सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी रुंद आहे. लहान म्हणून दिसत नाही असं नाही, फिकट म्हणून दिसत नाही. तिथे रंग आहेत, प्रकाशही आहे. तो साठवण्याची ताकद आपल्या डोळ्यात नाही. न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं तेव्हा ५१ मिनिटं काच उघडी ठेवली होती. तीनच वर्षांनी इंग्लंडात अँड्र्यू कॉमन यांच्या काचेवर असे तारे उमटले जे दुर्बिणीला डोळा लावूनही कुणाला दिसले नव्हते. कॅमेरा डोळ्याच्या पुढे गेला तो तिथपासून.

ग्रहांचं प्रकरण मात्र निराळं. त्यांच्यावर भरपूर ऊन पडतं, त्यांना खरे रंग आहेत, आणि तिथेच आपली सगळ्यांची मोठी फसगत झाली. शाळेच्या पुस्तकातला नेपच्यून आठवा. शाईसारखा गर्द निळा. शेजारी फिकट हिरवट युरेनस. व्हॉयेजर २ हे यान १९८६ साली युरेनसजवळून आणि ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलं. नेपच्यूनवरचे अंधूक पट्टे, ढग, वारे नीट दिसावेत म्हणून शास्त्रज्ञांनी त्या चित्रांचे रंग मुद्दाम ताणले, आणि तसं सांगितलंही. पण चित्र पुढे गेलं आणि खालची ओळ मागे राहिली. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डचे पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी हबल आणि चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या नोंदींवरून रंग पुन्हा बसवले. निघालं काय, तर दोन्ही ग्रह जवळपास सारखेच फिकट हिरवट-निळे. नेपच्यून जरासा जास्त निळा, कारण युरेनसवर धुक्याचा थर अधिक जाड. पस्तीस वर्षं पोरांनी निळे खडू झिजवले ते एका गाळलेल्या ओळीपायी.

मंगळाचंही असंच. व्हायकिंग १ यान २० जुलै १९७६ रोजी उतरलं, दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र आलं, आणि घाईघाईत रंग जुळवताना आकाश निळसर झालं. माणसाला आकाश निळंच हवं असतं. नंतर रंग तपासले तेव्हा ते धुळीमुळे गुलाबी-पिवळट निघालं.

जमीन कितीही हिरवीगार दिसो, सातबारा बघितल्याशिवाय व्यवहार करू नये, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. आकाशाच्या चित्रालाही सातबारा असतो, आणि तो खुला असतो. हबल आणि वेबची चित्रं ज्या बाल्टिमोरच्या संस्थेतून प्रसिद्ध होतात तिथून प्रत्येक मोठ्या चित्रासोबत खुलाशाची एक प्रत निघते. कोणती दुर्बीण, कोणता कॅमेरा, कोणत्या गाळण्या आणि कुठल्या गाळणीला कोणता रंग. एका कोपऱ्यात प्रकाशवर्षांची पट्टी आणि उत्तर-पूर्व दाखवणारे बाण. त्या बाणांत पूर्व उत्तरेच्या डावीकडे असते. नकाशा जमिनीकडे बघून काढतात, हा वर बघून काढलेला. ही प्रत मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

रंगांचा नियमही तिथे ठरलेला आहे. वेब दुर्बीण अवरक्त प्रकाश बघते, जो आपल्याला दिसतच नाही, तेव्हा 'खरा रंग' हा प्रश्नच उरत नाही. जो डीपास्क्वाले आणि अलिसा पेगन ही तिथली चित्रं सिद्ध करणारी जोडी. सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, सर्वांत आखूडला निळा, मधल्यांना मधले, असा क्रम ते पाळतात. इंद्रधनुष्याचा क्रम तोच, फक्त सगळं खाली सरकवलेलं.

म्हणजे यात कलावंताचा हात नाहीच का? आहे, आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. एलिझाबेथ केसलर या अभ्यासक बाईंनी २०१२ साली यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की हबलच्या चित्रांवर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन निसर्गचित्रकारांची छाया आहे. टॉमस मोरन, आल्बर्ट बिअरश्टाट यांनी पश्चिमेकडच्या कडेकपारी रंगवल्या, तसेच उजेडात न्हालेले उत्तुंग कडे इथेही आहेत. हे पटतं. अवकाशात वर-खाली काही नसतं, पण सृजनाचे स्तंभ कायम उभेच छापले जातात. जुलै २०२२ मध्ये आलेलं वेबचं कॅरिना तेजोमेघाचं चित्र बघा. खाली तांबूस डोंगररांग, वर निळं आकाश. ते आडवं करून बघितलं की डोंगर पार नाहीसा होतो. माझं मत असं की सजावट खुशाल करावी, नोंदीला धक्का लागता कामा नये. रंग निवडणं चालेल, कोपरा भरणं चालणार नाही.

वेबची चित्रं ओळखायची खूण सोपी आहे. उजळ ताऱ्यांना मोजून बघा, सहा मोठे आरे आणि आडव्या रेषेत दोन बारके. सोन्याचा मुलामा दिलेले अठरा षटकोनी आरसे जोडून तिचा साडेसहा मीटरचा आरसा झाला आहे. षटकोनांच्या कडा आणि पुढचा आरसा तोलणाऱ्या दांड्या यांच्यामुळे प्रकाश असा फाकतो. हबलच्या ताऱ्यांना चारच आरे. एकाच दुर्बिणीने एका वेळी घेतलेल्या चित्रात सगळ्या ताऱ्यांचे आरे एकसारखे आणि एकाच दिशेला असतात. एकाला चार, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याचे वाकडे असं दिसलं तर ते चित्र आकाशातून आलेलं नाही, असं खुशाल समजा. हल्ली एआयने बनवलेले तेजोमेघ घराघरांत पोचत असताना एवढी परीक्षा कामाला येते. आणखी एक. आरे असलेले ठिपके बहुतेक आपल्याच आकाशगंगेतले, वाटेत आलेले तारे. मागच्या बिनआऱ्यांच्या चकत्या, चिरोट्या, धुरकट पुंजके, त्या दीर्घिका. ११ जुलै २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या वेबच्या पहिल्या सखोल चित्रात बघणाऱ्याचं लक्ष आऱ्यांकडे जातं, आणि खरा ऐवज मागे वाकलेल्या नारिंगी कमानींत असतो. मधल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकवून त्या कमानी केल्या आहेत.

त्याच स्तंभांकडे वेबने ऑक्टोबर २०२२ मध्ये बघितलं. जवळच्या अवरक्त प्रकाशात खांब अर्धपारदर्शक झाले, मागचे असंख्य तारे दिसू लागले आणि कडांवर लालभडक ठिणग्या आल्या. त्या म्हणजे काही लाख वर्षं वयाच्या ताऱ्यांनी फेकलेले झोत. मग त्याच महिन्यात मधल्या अवरक्तातलं चित्र आलं आणि त्यातून तारे जवळजवळ गायबच झाले, उरली फक्त धूळ, राखाडी आणि भुताटकीसारखी. तीनही चित्रं शेजारी ठेवून बघावीत. यातलं खरं कुठलं, असा प्रश्न तेव्हा आपोआप मागे पडतो.

हबलने २०१४ साली, पहिल्या चित्राला जवळपास वीस वर्षं होत आली असताना, तीच जागा नव्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपली. या वेळी कोपरा भरलेला, कारण कॅमेऱ्याने तो खरोखरच पाहिला होता. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली तर एका ताऱ्याच्या झोताची लांबी वाढलेली दिसली. किती, तर सुमारे ९६ अब्ज किलोमीटर. सुविचारामागचं ते स्थिर चित्र एकोणीस वर्षांत हललं होतं. 'हे स्तंभ आता अस्तित्वातच नाहीत, आपण भूत बघतो आहोत' असा एक फॉरवर्डही फिरतो. २००७ साली स्पिट्झर दुर्बिणीच्या चित्रावरून तसा एक अंदाज खरोखर मांडला गेला होता, पण नंतरच्या अभ्यासकांनी तो मानला नाही. व्हीएलटीवरून २०१५ साली झालेल्या मोजणीप्रमाणे खांब दर दहा लाख वर्षांत सत्तर सूर्यांएवढं वस्तुमान गमावत आहेत, आणि त्यांना अजून तीसेक लाख वर्षं आहेत.

सुंदर चित्रांबद्दल इतकं लिहिलं, पण खगोलशास्त्रातली सर्वांत थोर चित्रं बहुतेक दिसायला अगदीच सुमार आहेत. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर एडविन हबल यांनी देवयानीची एक काच घेतली. उलटं चित्र, पांढऱ्यावर काळे ठिपके. एका ठिपक्याशी त्यांनी आधी नवतारा म्हणून खूण केली होती. ती खोडून शाईने लिहिलं 'व्हार!', म्हणजे रूपविकारी तारा. हेन्रिएटा लेव्हिट यांनी अशा ताऱ्यांच्या उजेडाचं आणि ठोक्याचं नातं आधीच शोधून ठेवलेलं होतं. त्यावरून अंतर निघालं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. आजचा आकडा पंचवीस लाख. दोन्ही आकडे आपल्या आकाशगंगेबाहेरचे. विश्व एका दीर्घिकेचं नाही हे त्या डागाळलेल्या काचेने ठरवलं, आणि ती काच कुणी टी-शर्टवर छापत नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीच्या त्या बाल्टिमोरच्या संस्थेचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातला वेळ सप्तर्षींजवळच्या एका रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्यावर खर्च केला. वेळ वाया जाईल असं सांगणारे बरेच होते. दहा दिवस, ३४२ वेळा कॅमेरा उघडला, आणि त्या रिकाम्या जागेत सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या.

आणि आता गणेशखिंडीतली गोष्ट. पुणे विद्यापीठाच्या आवारातलं एनसीआरए म्हणजे खोडदच्या जीएमआरटीची तीस मोठी रेडिओ तबकं चालवणारी संस्था. तिथल्या राशी जैन या संशोधक विद्यार्थिनीने आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या सर्वांसाठी खुल्या झालेल्या नोंदी चाळल्या. एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या दिशेला, त्याच्या कितीतरी मागे, त्यांना एक दीर्घिका सापडली. दोन सुबक सर्पिल भुजा, मध्ये फुगीर गाभा, भुजांवर माळेतल्या मण्यांसारखे तारेजन्माचे ठिपके. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम दीड अब्ज वर्षं होतं. इतक्या लवकर इतकी नीटनेटकी दीर्घिका असू नये, असा समज होता. भुजा घडायला सावकाश वेळ लागतो, तेव्हाच्या दीर्घिका धसमुसळ्या असायच्या. हिचा विस्तार मात्र सुमारे तीस हजार प्रकाशवर्षांचा आणि ताऱ्यांचं वस्तुमान दहा अब्ज सूर्यांएवढं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली. नाव ठेवलं अलकनंदा. आपली आकाशगंगा मंदाकिनी, तर ही तिची दूरची बहीण.

तिचं चित्र जरूर शोधून बघा. पहिल्या नजरेला काही वाटणार नाही. मोठ्या चित्रातून कापून फुगवलेला एक चौकोन आणि त्यात अंधूक भोवरा. पण तो एकवीस गाळण्यांमधून बघितला गेला आहे, अतिनीलापासून अवरक्तापर्यंत पसरलेल्या तिच्या उजेडाचा प्रत्येक टप्पा वेगळा मोजलेला आहे. अंतर, वय, वस्तुमान, वर्षाला किती सूर्यांएवढे तारे जन्मतात, सगळं त्या भोवऱ्यातूनच निघालं.

नोंदी खुल्या असल्यामुळे हे काम बिनपगारी हौशी लोकही करतात. गुरूभोवती २०१६पासून फिरणाऱ्या जुनो यानावरचा कॅमेरा मुळात लोकांसाठीच बसवलेला आहे. यान स्वतःभोवती गिरक्या घेत असल्याने चित्रं पट्ट्यापट्ट्यांत येतात. ती जुळवून गुरूवरचे ते निळे-पांढरे भोवरे घडवणाऱ्यांत जर्मनीतले गणिती गेराल्ड आइशटेट यांच्यासारखी माणसं आहेत. त्यांतले बरेच रंग ताणलेले असतात आणि ते तसं लिहितात. आपल्याकडे २०२१ साली पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पन्नास हजारांवर चित्रं एकत्र करून चंद्राचं एक चित्र केलं, त्यात दिसणारे निळे-तांबडे डाग चंद्राच्या मातीतल्या खनिजांचे आहेत. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. यांच्या आकाशदर्शनाला जाणारी मुलं आता स्वतःचा कॅमेरा घेऊन येतात. पण आभाळ कुठे आहे? मुंबई-पुण्याच्या उजेडात आकाशगंगा दिसणं बंद होऊन जमाना झाला. २०२४ साली आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. अंधार राखायला अभयारण्य लागावं, ही स्थिती आहे.

दिवाळी अमावास्येला येते, हे या बाबतीत आपलं नशीब. धूर जरा निवला की भाऊबीजेनंतरच्या एखाद्या रात्री गावाबाहेर जा. चंद्रकोर तेव्हा लवकर मावळते. नऊ-दहाच्या सुमारास माथ्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन असतो, पश्चिमेकडचे दोन पूर्वाभाद्रपदा, पूर्वेकडचे दोन उत्तराभाद्रपदा. उत्तराभाद्रपदांतला उत्तरेकडचा तारा धरा, तिथून ईशान्येकडे दोन तारे मोजा, दुसऱ्यापाशी वायव्येला वळून तेवढेच दोन फिकट तारे ओलांडा. तिथे एक अंधूक, लांबट डाग दिसेल. साधी द्विनेत्री असेल तर उत्तमच. जरा बाजूला बघा. मग घरी येऊन देवयानीचं एखादं चित्र उघडा आणि ते कुणाला पाठवलंत, तर खाली दुर्बिणीचं नाव, तारीख आणि रंगांची ओळ तेवढी राहू द्या.